पाटाची खालची बाजू

अक्का,

तुमचा पाट माळ्यावरून खाली काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि उलटा करून पाहिला. खालची बाजू कोरी आहे. ती कोरी आहे हे मला आधीपासून माहीत होतं, तरी पाहिलं. या घरात सून म्हणून आलेल्या प्रत्येकीच्या पाटाखाली तिचं माहेरचं नाव आहे. माझ्या पाटाखाली आहे, धाकट्या जावेच्या आहे, तुमच्या सुनेच्या आहे. तिन्ही नावं तुमच्या हातची. तुमच्या स्वतःच्या पाटाखाली मात्र आंब्याची नुसती फळी, तिच्यावर रंध्याच्या खुणा, आणि एका कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेली रुपयाएवढी जागा.

तुमच्या विमलनं तेराव्यालाच मला सांगून ठेवलं होतं, "काकी, महिन्याच्या नैवेद्याला येईन तेव्हा आईचा पाट सांगलीला घेऊन जाईन. पण त्याच्याआधी खाली तिचं माहेरचं नाव घालून ठेवा. तुमच्याशिवाय आता कोण घालणार?" मी हो म्हटलं. हो म्हटल्यावर लक्षात आलं की घालायला नाव पाहिजे, आणि ते मला ठाऊक नाही. आधी इथं आष्ट्याजवळच्या घरी एका चुलीवर, मग आमची बदली साताऱ्याला झाल्यावर सणावारी येऊन-जाऊन, अशी पंचवीस वर्षं आपण जावा म्हणून काढली. तुम्हाला चहा गुळाचा लागतो की साखरेचा, थंडीत कुठल्या गुडघ्याला कळ येते, कुठल्या देवाला तुम्ही काय बोलला होता, सगळं मी सांगेन. माहेरचं नाव सांगता येत नाही. तुम्ही सगळ्यांच्या अक्का. मलाही पहिल्या दिवसापासून अक्का म्हणूनच दाखवलं.

म्हणून हे लिहिते आहे. बाकीचं, म्हणजे तुम्ही किती सोशिक होता वगैरे, ते लोक तेराव्याला बोलून गेले. त्यातलं अर्धं खोटं आहे. तुम्ही सोशिक नव्हता, तुम्ही हट्टी होता.

तुमचा हात या घरात कुठं कुठं फिरलाय ते तुम्ही नसताना जास्त दिसतं. देव्हाऱ्याच्या कवाडांवर मोर. कणगीच्या पोटावर गेरूची नक्षी. पाळण्याच्या दांडीला राघू. वाकळा तर मोजायच्या पलीकडच्या, आणि त्यांच्यात कुणाच्या लग्नातलं लुगडं कुठल्या चौकोनात गेलंय ते तुम्ही बोट ठेवून सांगायचात. आधी गेरू, चुना, हळद, नीळ आणि कंदिलाच्या काचेवरची काजळी डिंकात कालवून रंग करायचात. कुंचला शेळीच्या केसांचा. पुढं आष्ट्याच्या बाजारात ऑइलपेंटचे लहान डबे मिळायला लागले, तेव्हा तुम्ही तांबडा डबा उघडून बराच वेळ नुसता हुंगत बसला होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "थोरले, रंग हाय त्यो, खरवस न्हाई."

एकाहत्तरच्या लढाईच्या आधल्या वर्षी तुमचा शंकर पलटणीत भरती झाला. त्याच्या काळ्या ट्रंकेवर तुम्ही झाकणभर गुलाब काढलेत. पहिल्या रजेवर आला तेव्हा ट्रंक परत काळीकुट्ट.

"आई, परेडचा उस्ताद म्हणाला, ये ट्रंक है या दुल्हन?"

तुम्ही तोंडाला पदर लावून हसलात. मग विचारलंत, "आन् झाकणाच्या आतल्या अंगाचं?"

आतला एक गुलाब त्यानं तसाच ठेवला होता. "आतलं कोण बघतंय," म्हणाला.

"तू बघतुयास न्हवं? मग झालं."

तुम्ही गेल्याची तार मिळून शंकर आला तो तीच ट्रंक घेऊन आला. ती अजून पडवीत आहे. उघडायला गेला की त्याचा हात थांबतो, हे मी दोनदा पाहिलं. काय बोलायचं असतं अशा वेळी, ते मला येत नाही. तुम्हाला येत होतं.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, ते इथं नोंदवून ठेवते. पाटाच्या कडेनं तुम्ही वेल काढायचात. एका कोपऱ्यातून सुरू करायचा आणि फिरवत फिरवत परत त्याच कोपऱ्यात आणायचा. पाट अठरा इंच लांब, पंधरा रुंद. चारी बाजू मिळून सहासष्ट इंच. दीड इंचाला एक पान धरलं तर चव्वेचाळीस पानं नेमकी बसतात, कमी नाही, जास्त नाही. मी पट्टी आणि पेन्सिल घेऊन खुणा करून द्यायला तयार होते. तुम्ही कधी करू दिल्या नाहीत. मग शेवटच्या कोपऱ्यात यायचं आणि एक पान असं दाटीवाटीनं बसायचं, जसा भरल्या गाडीत कुणी अर्ध्या सीटवर टेकतो.

"बघा," मी म्हणायचे, "आधी मोजलं असतं तर?"

"वेल काय पट्टी घिऊन वाढतुया व्हय गं?"

"वेल नाही, पण पाट मोजून केलाय ना सुतारानं?"

"मग जा, सुताराला सांग येल काढाय."

धाकटी जाऊ भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमचं झालं की सांगा, तवा तापलाय." अजूनही माझं म्हणणं तेच आहे. मोजून काढलेला वेल चांगला दिसला असता. तुम्ही असतात तर म्हणाला असता, दिसू दे की, आणि पुढचा पाट परत डोळ्यांनीच काढला असता.

पण पाटाखाली नाव घालायची रीत ही भांडणातून आलेली नाही. ती माझ्या रडण्यातून आली, आणि ते मला तुमच्यापुढं एकदा सांगायचं राहून गेलं. तुम्ही विसरला होता की काय, कुणास ठाऊक.

मी सांगलीहून लग्न होऊन आले ती इंदू. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीच्या टोकानं शालिनी लिहिलं, साखर वाटली आणि संपलं. दुसऱ्या दिवशी जेवायला पाट मांडला. तुम्ही रंगवलेला, निळी जमीन, कडेनं वेल, मधे पांढऱ्यात शालिनी. तुम्हाला लिहायला-वाचायला येत नव्हतं. अक्षरं तुमच्या मालकांनी, म्हणजे आमच्या थोरल्या दिरांनी, खडूनं काढून दिली होती आणि तुम्ही ती चित्रासारखी भरली होती. सगळ्या बायका म्हणाल्या, किती सुरेख. मी त्याच्यावर बसेना.

जेवणं उरकल्यावर तुम्ही मला परसात गाठलंत. "घर आठवतंय व्हय?"

"नाव आठवतंय," मी म्हटलं. मला तेव्हाही गोड बोलता येत नव्हतं. "सातवीच्या दाखल्यावर इंदू आहे. मी पास झाले ती इंदू म्हणून झाले. आता ती कोण?"

दुसरी कुणी असती तर पदर डोक्यावर घे म्हणाली असती. तुम्ही पाट आणलात, पालथा घातलात आणि माझ्या हातात कोळसा दिलात. "हितं भुईवर काढून दाव, कसं दिसतंय त्ये."

मी इंदू लिहिलं. तुम्ही मान तिरकी करून बघितलंत, चुन्यात कुंचला बुडवला आणि उतरवलंत. अनुस्वाराचं टिंब मात्र कुंकवाच्या रंगात दिलंत. चित्रात कुठं काय द्यायचं ते तुम्हाला कळायचं. "फळी एकच," म्हणालात, "वरनं त्यांचं, खालनं तुजं. बस आता."

सासूबाईंना चार दिवसांनी पाट धुताना ते दिसलं. "म्हायेर बरूबर घिऊन आलीया व्हय ही?"

"पाटाखाली कोण बघतंय आत्याबाई," तुम्ही म्हणालात, "मुंग्या बघत्याल."

त्या दिवसापासून दोघीच असलो की तुम्ही मला इंदे म्हणायचात. आई गेली, सांगलीचा भाऊही आता शालू म्हणतो, आणि हे हाक मारत नाहीत, अहो ऐकलं का म्हणतात. इंदे म्हणणारं माणूस गेल्या महिन्यात गेलं. यावर आणखी काही लिहीत नाही.

पुढं धाकटी आली, मग तुमची सून आली. प्रत्येक वेळी मी भुईवर अक्षरं काढून दिली आणि तुम्ही ती पाटाखाली भरली. प्रत्येक वेळी मी विचारलं, "अक्का, आता तुमचा पाट आणा." प्रत्येक वेळी तुमच्याकडं काहीतरी निघालं. रंग उरला न्हाई. वाळवी लागलीया तिथं. शेणकूट थापायचं राह्यलंय. धाकटीच्या लग्नात तर मी चिडलेच. या बायकांची नावं बदलायचीच कशाला, असा माझा वाद चालला होता. नाव म्हणजे काय जुनं लुगडं आहे, की दारात सोडून यायचं? मला वाटलं, निदान तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल.

तुम्ही म्हणालात, "नवं नाव मिळालं तर काय बिघाडतंय? कुणाला लागतंय बी."

"तुमचं गेलं त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"न्हाई."

एवढंच. मला वाटलं, सासूबाई ऐकत होत्या म्हणून तसं म्हणालात. मग वाटलं, नाही, या आता या घराच्याच झाल्या. माझी बाजू बरोबर आहे असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. फक्त तुमच्या बाबतीत ती लागू नव्हती, हे मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

मिरजेच्या दवाखान्यात तुम्हाला ठेवलं तेव्हा दुपारी मीच बसायची. खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या जायच्या, त्यांच्या बैलांच्या शिंगांवरचे रंग बघून तुम्ही त्याही अवस्थेत म्हणालात, "हिरवा लय पातळ केलाय मेल्यांनी." एके दुपारी तुम्ही जरा हुशार वाटलात, म्हणून मी परत विचारलं. अक्का, माहेरचं नाव काय तुमचं? या खेपेला मी घालते, मला आता येतं.

तुमचे डोळे मिटलेले होते. "त्ये न्हाईच गं. हाय त्ये वरच हाय."

मला वाटलं, तापात बोलताय.

म्हणून मग, विमलला हो म्हटल्यावर, साताऱ्याहून येताना मी कऱ्हाडला उतरले. तुमचा भाऊ तिथं गुळाच्या व्यापाऱ्याकडं कामाला आहे, हे मला तेराव्याला कळलं होतं. तोवर आम्ही त्यांना दोन वेळा पाहिलं असेल. पाटणच्या वरच्या अंगाला तुमची डोंगरवाडी, तिथलं घर कधीच पडलं, आणि तुम्ही माहेरी जायचं नाव काढायचा नाहीत. दुकानाच्या मागं पोत्यांच्या आडोशाला त्यांनी मला बसायला जागा करून दिली. चहा सांगितला. मी सरळ विचारलं.

"आमी ताईच म्हनायचो," ते म्हणाले.

"ते झालं. पण नाव काय होतं?"

"कशापायी पायजे?"

मी पाटाचं सांगितलं. ते हातातल्या गुळाच्या खड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आमी सा भावंडं न्हवं. पाच पोरी आन् मी. ताई पाचवी. आता तुमी साताऱ्यात ऱ्हाता. लय पोरी झाल्या की शेवटचीला काय नाव ठिवत्यात, तुमास्नी ठावं नसंल असं न्हाई."

तरीही माझ्या डोक्यात आलं नाही. आकड्यांत मी हुशार, पण इथं पाचवर पोचूनही उत्तर दिसेना.

"नकुसा," ते म्हणाले. "नकुसाच ठिवलं हुतं. देवाला कळावं, आता पोर नगं म्हनून. तिच्या पाठीवर मी आलो." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "नाव लागू पडलं म्हनायची आय. औषध लागू पडावं तसं. मला घिऊन सगळ्या वाडीला सांगायची. ताई तितंच आसायची तवा, चुलीम्होरं."

मी चहाचा कप पोत्यावर ठेवला.

"लिवू नगा बाई त्ये," ते म्हणाले. "मी तिला ताईच म्हनलोय. मी एकदाबी त्या नावानं हाक मारली न्हाई." त्यांचे डोळे कोरडे होते, पण हातातला गूळ त्यांनी पार चुरून टाकला होता.

आष्ट्यापर्यंतच्या गाडीत मी हिशेब करत बसले. सवय आहे, सुटत नाही. प्रत्येक पाटाखाली नाव, तुमच्या खाली नाही, म्हणजे काम अपुरं. नाव सापडलं, ते घातलं की काम पुरं. आणि ते घालायचं म्हणजे तुमच्या लेकीनं जन्मभर जपायच्या वस्तूवर लिहायचं, की तिची आई नको होती. खोटं दुसरं एखादं नाव घालणं मला जमणार नाही. कोरं ठेवावं तर विमल विचारणार. तिला मी लहानपणापासून एकच शिकवलंय, विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. तुमच्याकडं धावत जाऊन विचारावं असा हा प्रश्न, आणि तुम्हीच नाही.

घरी आल्यावर आबा, तुमचे मालक, गोठ्यापुढच्या कट्ट्यावर बसले होते. तुम्ही गेल्यापासून आबा बोलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पलटणीत होते तेव्हापासून त्यांना पहाटे उठून सगळ्यांना उठवायची खोड, तीही गेलीय. मी कडेला उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, मी कऱ्हाडला जाऊन आले. अक्कांचं माहेरचं नाव कळलं."

"मला ठावं हाय त्ये," आबा म्हणाले. "सोयरीक ठरली तवाच कानावर आलं हुतं."

मग मी विचारू नये ते विचारलं. तुम्हाला आठवत असेल, घरात प्रत्येक लग्नात एक गोष्ट सांगून सगळे हसायचे. तुमच्या लग्नात सासूबाईंनी नाव ठरवलं होतं सरस्वती. आबा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, शाळेत चौथीपर्यंत कसेबसे गेलेले. त्यांना तांदळात ते जोडाक्षर जमेना, म्हणून त्यांनी येईल ते लिहिलं आणि सरस्वतीची हौसा झाली. आबाही हसायचे. तुम्हीही. मी विचारलं, "आबा, ते खरंच चुकून झालं का हो?"

आबांनी पुढ्यातला कडबा बैलांकडं सरकवला.

"सला व कसा जोडायचा ठावं न्हवतं, ह्ये खरं हाय," ते म्हणाले. "अंगठी धरून नुसता बसलोवतो. आय म्हनतीया लिव की रं, लिव की रं. सगळा मांडव बघतुया. तवा शेजारनं आवाज आला. पदराखालनं. एवढीशी पोर, आदूगर तोंडातनं सबूद काढला न्हवता तिनं. म्हनली, हौसा लिवा."

"अक्का म्हणाल्या?"

"हौसा लिवा म्हनली. आर्डर दिल्यावानी. मी लिवलं." त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं आणि गेलं. "आय म्हनली, आरं ह्ये काय लिवलंस मुडद्या? मी म्हनलं, चुकलं. मग चुकलंच म्हनत ऱ्हायलो आजवर. तिनं लिवाय लावलं आसं सांगितलं आसतं तर आयनं तिला जित्ती ठिवली आसती व्हय?"

हौसा. हौसेची. हवी म्हणून आलेली. आठ-नऊ वर्षांच्या होता तुम्ही, अक्का. परक्या घरात, परक्या लोकांत, डोक्यावर अक्षता, आणि नाव घ्यायची एकच संधी येणार आहे हे तुम्ही ओळखलं होतं. डोंगरावरून खाली येईपर्यंत मनात धरून ठेवलं असेल का ते? की तिथंच सुचलं? कुणाचं ऐकलं होतं? हे मला विचारता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आणि तुमच्या पाटावर हौसा लिहिलंय ते अक्षर वाकडं आहे, दोन्ही मात्रा एका अंगाला कललेल्या. मी ते सरळ करून देते म्हणाले होते तर तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. ते आबांनी तांदळात काढलेलं अक्षर होतं. वाचता येत नसताना तुम्ही ते पाहून ठेवलं होतं आणि जसंच्या तसं उतरवलं होतं. मी दवाखान्यात तापातलं बोलणं समजले ते तापातलं नव्हतं. आम्हा सगळ्यांना वर दुसऱ्यांनी दिलेलं नाव आणि खाली आपलं. तुमचं आपलं वरच होतं. खाली घालायला काही नव्हतंच.

हे समजल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण मग मी दुसरी बेरीज मांडली. तुम्ही मागून घेतलेल्या या नावानं तुम्हाला हाक कुणी मारली? सासूबाई थोरली म्हणायच्या. आबा नाव घेणार नाहीत, बायकोचं नाव कोण घेतं आपल्यात. पोरं आई. आम्ही अक्का. भाऊ ताई. गाव शंकरची आय. मी आठवून आठवून पाहिलं, एक सुद्धा माणूस निघेना. लग्नातल्या त्या एका दुपारनंतर ते नाव फक्त पाटावर राहिलं, आणि त्याच्यावर तुम्ही बसायचात, म्हणजे दिसायचंही नाही. मी तरी एकदा म्हणायला हवं होतं असं लिहिणार नाही, थोरल्या जावेला नावानं हाक मारणं मला जमलं नसतं. पण मला त्या बेरजेनं झोप येत नाही, एवढं खरं.

नैवेद्याला विमल आली. जेवणं झाल्यावर तिनं पाट मागितला, पालथा घातला आणि माझ्याकडं पाहिलं.

"नाव सापडलं नाही?"

"सापडलं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कऱ्हाडचं, आबांचं, तुमचं. काही गाळलं नाही. गाळायचं असतं तर तुमच्या लेकीला मी वेगळ्या तऱ्हेनं वाढवायला हवं होतं. आबा दाराशी बसून ऐकत होते.

विमल रडली नाही. ती पाटाच्या वाळवीच्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकी, मागच्या वर्षी सांगलीच्या दवाखान्यात माझ्या ड्यूटीला एक बाळंतीण होती. चौथी मुलगी. कार्डावर नाव काय लिहू विचारलं, तर म्हणाली नकुसा लिवा. मी लिहिलं. दुसरं काय लिहिणार? ती सांगते ते लिहायचं असतं." थोड्या वेळानं, "आई तेव्हा इकडं आष्ट्याला चुलीपुढं बसली असणार. आणि मी तिकडं ते लिहीत होते."

"पाटावर घालू नको म्हणतेस?"

"पाटावर नको. पण तुम्ही कुठंतरी लिहा. त्या पोरी अजून आहेत." मग आबांकडं वळून, "आबा, चालेल?"

आबा म्हणाले, "तिचं ती बघाय ऱ्हायली न्हाई. तुमी बघा."

म्हणून हे लिहिलं, अक्का. तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. विमलच्या आणि माझ्या हिशेबानं बरोबर आहे. तुमच्या हिशेबानं चूक असेल तर ती चूक माझ्या नावावर धरा.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या गाडीला विमलला सोडायला मी आष्ट्याच्या स्टँडवर गेले. मी पाटाला गुंडाळायला पोतं आणलं होतं, रंग घासू नये म्हणून. तिनं ते घेतलं नाही. गाडी भरलेली. बाजाराच्या पाट्या, कोंबड्या, माणसं. तिला खिडकीशी जागा मिळाली, आणि पाट तिनं मांडीवर उभा धरला, नावाची बाजू बाहेर. मी खाली खिडकीशी उभी होते. कंडक्टर तिकिटं फाडत तिच्यापाशी आला. कोवळा, मिशा नुकत्या फुटलेल्या. त्यानं आधी पाटाकडं बघितलं आणि मोठ्यानं वाचलं.

"हौसा! वा. लय भारी काढलंय. हौसा कोण, तुमी व्हय?"

"माझी आई," विमल म्हणाली.

"मंग हौसाबाईचं तिकीट न्हाई लागत," तो म्हणाला, "तुमचं काढा." पुढच्या सीटवरची एक म्हातारी मान वळवून बघायला लागली, तिनं शेजारणीला विचारलं, काय नाव म्हनला? आणि शेजारीण म्हणाली, हौसा. मागून कुणीतरी परत विचारलं, आणि कुणीतरी परत सांगितलं.